सबुरीचेही गुण द्या: वयोगट स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्यांना खुले पत्र

जिम्नॅस्टिक्सच्या वयोगट स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या तांत्रिक समित्यांच्या सर्व सदस्यांना,

स. न. वि. वि.

मी लहान मुलामुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवते. प्रशिक्षकांच्या प्रत्येक शिबिरात आपल्यापैकी कोणी ना कोणी व्यासपीठावरून सांगतं, "घाई करू नका, पाया पक्का होऊ द्या." आम्ही सगळे माना डोलावतो. मग स्पर्धेचं पत्रक हातात पडतं. मोठ्यांच्या नियमावलीला इकडेतिकडे कात्री लावून तीच दहा वर्षांखालच्या मुलांना लावलेली असते आणि अवघड उड्यांचे गुण मात्र खुले ठेवलेले असतात. शिबिरात ऐकलेलं एक आणि पत्रकात छापलेलं दुसरंच. अशा वेळी प्रशिक्षक पत्रकाचंच ऐकतो. पालक गुण विचारतात, क्लब पदकं विचारतो आणि मुलं शेजारच्या मॅटवर कोण काय करतंय ते बघत असतात.

म्हणून हे पत्र प्रशिक्षकांना नाही, आपल्याला आहे. सबुरीनं शिकवणं ही ज्याच्या त्याच्या स्वभावाची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. सबुरीनं शिकवणाऱ्याचा विद्यार्थी केवळ त्यापायी मागे पडणार नाही, अशी तजवीज नियमांतच करा.

आधी हिशेब बघू. आंतरराष्ट्रीय नियमावलीत 2006 पासून दहा गुणांची कमाल मर्यादा गेली. अवघडपणाचे गुण वेगळे, सफाईचे वेगळे आणि शेवटी दोन्हींची बेरीज. महिलांच्या नियमावलीत 'ए' दर्जाच्या हालचालीला 0.1, 'बी'ला 0.2, 'सी'ला 0.3 असं मूल्य चढत जातं. शिवाय रूटीनमध्ये, म्हणजे सलग केलेल्या हालचालींच्या मालिकेत, काही ठरावीक प्रकार असावेच लागतात. त्या प्रत्येक अटीचे 0.5. आता समजा, एखाद्या मुलीनं कच्ची 'सी' उडी मारून अशी एक अट पूर्ण केली. तिच्या पदरात 0.8 पडले. गुडघे वाकले म्हणून पंचांनी 0.3 कापले, पायाची बोटं ताणलेली नव्हती म्हणून 0.1, उतरताना पाऊल सरकलं म्हणून आणखी 0.1. तरी 0.3 उरलेच. दुसरीनं ती उडी अजून नीट येत नाही म्हणून गाळली आणि तिच्या जागी एक 'ए' हालचाल अगदी स्वच्छ केली. तिला मिळाले 0.1. पडली नाही एवढ्या एका गोष्टीवर कच्ची उडी जिंकली.

मोठ्यांच्या बाबतीत यावर वाद घालता येईल. त्यांची हाडं पक्की झालेली असतात आणि धोका पत्करायचा की नाही हे त्यांचं त्यांना ठरवता येतं. नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हा हिशेब आपण मोठी माणसं मांडतो आणि उडी तिला मारावी लागते.

कच्ची उडी म्हणजे काय, हे पंचांच्या टेबलावरून नेहमीच दिसतं असं नाही. मॅटशेजारी गुडघ्यावर बसून हाताचा आधार देणाऱ्याला ते दिसतं. बॅक हँडस्प्रिंगचंच, म्हणजे मागे उडी घेऊन हातांवरून पुन्हा पायांवर येण्याचंच घ्या. शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला ती हवी असते आणि घाईचे परिणामही तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतात. नीट शिकलेली मुलगी हात वर करून उभी राहते, मागे खुर्ची आहे असं समजून बसायला जाते, तोल मागे जाऊ देते आणि मग लांब, मागच्या दिशेनं उडी घेते. हात टेकतात तेव्हा कोपरं सरळ असतात, खांदे कानांना लागलेले असतात, शरीर हँडस्टँडमधून (हातांवर उलटं उभं राहण्याच्या स्थितीतून) जातं आणि पाय झटक्यात खाली येतात. घाईनं शिकलेली मुलगी बसतच नाही. तिचे गुडघे पुढे जातात, ती सरळ वर उडते आणि मान मागे टाकते. हात पायांच्या अगदी जवळ पडतात, कोपरं वाकतात आणि डोकं मॅटपासून चार बोटांवरून जातं. बाजूला बसलेल्या माझ्या एका हाताला तिच्या कमरेचा आणि दुसऱ्या हाताला मांडीमागचा भार जाणवतो. नीट उडी असेल तर तळहाताला जेमतेम स्पर्श होतो. कच्ची असेल तर सगळं वजन हातावर येतं. लांबून बघणाऱ्याला दोन्ही मुली मागे उडून पायांवर उभ्या राहिलेल्या दिसतात. टाळ्याही सारख्याच पडतात.

ही उडी शिकवण्याचा खरा मार्ग कंटाळवाणा आहे. भिंतीला छाती लावून हँडस्टँड. हँडस्टँडमध्ये कोपरं न वाकवता नुसत्या खांद्यांनी जमीन ढकलणं. खांदे उघडतील अशी कमान. उंचवट्यावर हात टेकून हँडस्टँडमधून पाय झटकन खाली आणणं. पाठीवर पडून शरीर होडीसारखं बाकदार, घट्ट धरून ठेवणं. या एका व्यायामानं मुलं जितकी वैतागतात तितकी दुसऱ्या कशानं वैतागत नाहीत. नंतर जाड गोल मॅटवरून मागे जाणं, उताराच्या मॅटवर दोन हातांच्या आधारानं, पुढे एका हाताच्या, पुढे नुसत्या बोटांच्या. तेव्हा कुठे आधार सुटतो. एखादीला हे काही आठवड्यांत जमतं, एखादीला अख्खा हंगाम जातो. जिला हंगाम लागला ती कमी गुणवान असते असंही नाही. बऱ्याचदा ती नुसती उंच असते, किंवा तिचे खांदे आखडलेले असतात. त्या हंगामात स्पर्धेला उतरायचं तर तिच्याकडे दाखवायला काय असतं? उत्तम हँडस्टँड, उत्तम कार्टव्हील (हातांवरून चाकासारखं बाजूला फिरणं), न हलता केलेलं लँडिंग. आपल्या पत्रकात याला नगण्य भाव आहे.

माझी पहिली मागणी इथूनच निघते. लहान गटांत सगळ्यांना एकच नेमून दिलेलं रूटीन द्या, किंवा अवघडपणाच्या गुणांना कमाल मर्यादा घाला. त्या मर्यादेवर कोणी काही केलं तर त्याचा एकही जादा गुण नको. आणि लँडिंगला स्वतंत्र, भरघोस गुण ठेवा. गुडघे वाकवून, पाय कमरेइतके उघडून, हात समोर ठेवून जमिनीचा धक्का पोटऱ्या, मांड्या आणि कंबर यांत वाटून घेणारं मूल पुढे अनेक दुखापतींतून वाचतं. पडण्याचंही तसंच. मागे पडताना हात मागे टेकायचे नाहीत, ते छातीशी घेऊन पाठीवर गोल व्हायचं. हे शिकवावं लागतं आणि पाठ होईपर्यंत घोटून घ्यावं लागतं. ते न शिकलेल्या मुलाचा हात आपोआप मागे जातो आणि कोपर किंवा मनगट जायबंदी होतं. सुरक्षित पडून दाखवण्याचे गुण एखाद्या स्पर्धेत ठेवले तर कुठल्याच क्लबात हा भाग गाळला जाणार नाही.

(जाता जाता फोम पिटबद्दल, म्हणजे स्पंजच्या ठोकळ्यांनी भरलेल्या खड्ड्याबद्दल. पिट आहे म्हणजे काहीही करून बघायला मोकळीक, असा समज अनेक ठिकाणी आहे. पिटमध्ये मूल हवेत फिरायला शिकतं, उतरायला शिकत नाही. आणि स्पंजच्या ठोकळ्यांत डोक्यावर पडलं तर मान तिथेही दुखावते.)

आता वाढीकडे येते. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कुर्चेचा थर असतो. तो आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा कमकुवत असतो. म्हणून ज्या धक्क्यानं मोठ्या माणसाचा सांधा नुसता मुरगळेल, त्याच धक्क्यानं मुलाच्या या थराला इजा होऊ शकते. जिम्नॅस्टिक्समध्ये मनगटांवर शरीराचं वजन पुन्हा पुन्हा येतं, आणि मनगट काही पावलासारखं भार वाहण्यासाठी घडलेलं नाही. अंगठ्याच्या बाजूला, हात टेकला की दुखतं, अशी तक्रार या खेळातल्या मुलांत इतकी नेहमीची आहे की डॉक्टर तिला 'जिम्नॅस्टचं मनगट' असंच म्हणतात. वेळीच हातावरचा भार थांबवला तर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत ते बरं होतं. पट्टी बांधून रेटलं तर तिथली वाढ वेळेआधी थांबू शकते. टाचेचं दुखणं, गुडघ्याखालच्या उंचवट्याचं दुखणं, कमरेत मागे वाकताना उठणारी कळ, हीसुद्धा याच यादीतली. "वाढीचं दुखणं आहे, जाईल" असं म्हणून यातलं काही सोडून द्यायचं नसतं.

आणि वाढीत नुसती हाडंच नाजूक असतात असं नाही, सगळं गणितच बदलतं. 2000 सालच्या सिडनी ऑलिम्पिकमधला प्रसंग आपल्या चांगलाच लक्षात असेल. महिलांच्या वैयक्तिक अष्टपैलू (सगळ्या उपकरणांचे गुण एकत्र मोजणाऱ्या) अंतिम फेरीत व्हॉल्टचा हॉर्स, म्हणजे धावत येऊन ज्यावर हात टेकून उडी मारायची ते उपकरण, 125 ऐवजी 120 सेंटिमीटरवर लावला गेला. फरक फक्त 5 सेंटिमीटरचा. जगातल्या उत्तमोत्तम मुली तिथे चुकू लागल्या, पडू लागल्या आणि एका खेळाडूनं शंका काढेपर्यंत कारण कोणाच्या ध्यानात आलं नाही. आता दुसरा आकडा बघा. वाढीच्या ऐन भरात मुलगी वर्षाला साधारण 8 सेंटिमीटर उंच होते, मुलगा त्याहून थोडा जास्त. मुलींत हा काळ सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांत चौदाव्याच्या. म्हणजे सिडनीत जो फरक हॉर्समध्ये पडला होता, तेवढा फरक सात-आठ महिन्यांत मुलीच्या स्वतःच्या शरीरात पडतो. पाय लांब होतात, वजन सरकतं, फिरण्याचा वेग बदलतो. काल सहज येणारी उडी आज येईनाशी होते. यात तिचा आळस नसतो, भित्रेपणा नसतो. तिनं जुनी मापं सोडून नवी बसवायची असतात आणि त्यासाठी काही महिने लागतात.

नेमक्या याच वयात आपल्या गटाची रेघ येते आणि मूल वरच्या गटात ढकललं जातं. जन्मतारखेनं ठरलेला हा गट शरीराला विचारून ठरलेला नसतो. बारा वर्षांच्या दोन मुली शेजारी उभ्या केल्या तर एकीची वाढ जवळजवळ संपलेली आणि दुसरीची सुरूही झालेली नाही, असं सर्रास दिसतं. तेव्हा दुसरी मागणी: वयोगटांच्या जोडीला कौशल्याचे स्तर ठेवा आणि एका स्तरावर दोन हंगाम थांबण्याची मुभा कमीपणाची ठरू देऊ नका. क्लबांनी दर तीन महिन्यांनी मुलांची उंची मोजून नोंद ठेवावी, अशी अट नोंदणी अर्जात घाला. भिंतीवरच्या पट्टीवर होणारं काम आहे हे. उंची झपाट्यानं वाढताना दिसली की कठीण लँडिंगची संख्या कमी करायची आणि नव्या उड्या पुढे ढकलायच्या, हे प्रशिक्षकाला त्या नोंदीवरून पालकांनाही दाखवता येतं. उंचीच मोजा मात्र, वजन नको. सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करण्यानं या खेळानं पुरेशा मुली उपाशी ठेवल्या आहेत.

क्रीडावैद्यकातला एक ढोबळ नियम सांगतो की आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. नऊ वर्षांच्या मुलाला नऊ तास. किती क्लबांत तो पाळला जातो, ते आपण जाणताच.

आता भीतीबद्दल. यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण इथे नियम उघड उघड चुकीच्या बाजूला उभा आहे. महिलांच्या नियमावलीत पडलं तर एक गुण जातो. व्हॉल्टला धावत येऊन उडी न मारता थांबलं, तरीही एक गुण जातो. मोठ्यांच्या स्पर्धेत वेळ आणि शिस्त राखायला हे असेल. तोच नियम लहान मुलांना लावला की त्याचा अर्थ असा होतो: पडणं आणि थांबणं, दोन्हींची किंमत सारखी. मग मूल थांबेल कशाला? धावताना पावलं चुकली आहेत, स्प्रिंगबोर्डवर पाय नीट पडणार नाहीत, हे मुलाला शेवटच्या तीन-चार पावलांत कळतं. त्या क्षणी थांबणं ही त्या दिवशी त्यानं केलेली सर्वांत शहाणी हालचाल असते. आपण तिचा गुण कापतो.

अमेरिकेच्या सिमोन बाइल्सनं टोकियो ऑलिम्पिकच्या सांघिक अंतिम फेरीत व्हॉल्टवर अडीच ट्विस्ट (हवेत स्वतःभोवती फेरे) मारायचे ठरवले होते. हवेत तिला आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं, दीडच ट्विस्ट झाले आणि ती कशीबशी पायांवर उतरली. त्यानंतर ती फेरीतून बाहेर पडली. तिच्यावर टीका झाली, पण या खेळातल्या माणसांना ती काय म्हणते आहे ते लगेच कळलं. काही दिवसांनी बीमवर (अरुंद तुळईवर) ट्विस्ट नसलेला सोपा डिसमाउंट, म्हणजे शेवटची उतरण्याची उडी, करून तिनं कांस्य जिंकलं आणि 2024 मध्ये पॅरिसला वयाच्या 27 व्या वर्षी पुन्हा अष्टपैलू सुवर्ण. इतकी पदकं नावावर असलेल्या खेळाडूला थांबायला केवढं बळ लागलं असेल! आठ वर्षांच्या मुलाला ते बळ नियमांनी द्यायला हवं.

हाताच्या आधाराचंही तेच. प्रशिक्षकानं हात लावला की एक गुण जातो आणि ती हालचालही मोजली जात नाही. लहान गटात हे पूर्ण उलटं असायला हवं. बारच्या खाली, बीमच्या शेजारी प्रशिक्षक उभा असलाच पाहिजे आणि गरज पडली तर त्यानं बिनदिक्कत हात लावावा. कापायचेच असतील तर 0.1 कापा. दंडाच्या भीतीनं प्रशिक्षकाचा हात क्षणभर अडखळला, तर तो क्षण मुलाच्या मानेवर निघू शकतो.

"नियमांनी काय होतं, शेवटी सगळं प्रशिक्षकावर असतं," असं उत्तर मला मिळालेलं आहे. ते मला पटत नाही, कारण आपलीच परंपरा वेगळं सांगते. सोव्हिएत संघाची एलेना मुखिना 1978 ची अष्टपैलू विश्वविजेती. पायाचं मोडलेलं हाड पुरतं जुळण्याआधी तिला सरावाला उतरवलं गेलं आणि 1980 च्या जुलैत, मॉस्को ऑलिम्पिक तोंडावर असताना, थॉमस सॉल्टो ही हवेत फिरून कोलांटीत उतरायची उडी करताना तिची मान मोडली. वीस वर्षांची होती. 2006 मध्ये वारली, तोपर्यंत ती मानेखाली लुळीच होती. ती उडी पुढे महिलांच्या नियमावलीतून बाद झाली आणि मानेवर कोलांटी घेत संपणाऱ्या तसल्या उड्या 2017 पासून पुरुषांनाही बंद आहेत. युर्चेंको प्रकारच्या, म्हणजे स्प्रिंगबोर्डवर पाठमोरं येऊन मारायच्या व्हॉल्टला त्या बोर्डभोवती सुरक्षेची कॉलर मॅट लावली नाही तर उडीला सरळ शून्य मिळतं. त्यामुळे आज ती मॅट लावायला कोणी विसरत नाही. प्रोडुनोव्हा या, हवेत पुढे दोन कोलांट्या घेण्याच्या धोकादायक व्हॉल्टचं मूल्य 2016 च्या रिओ ऑलिम्पिकपर्यंत 7.0 होतं, पुढच्या नियमावलीत ते उतरवलं गेलं. बाइल्सच्या बीमवरच्या डिसमाउंटला 2019 मध्ये अपेक्षेपेक्षा कमी मूल्य मिळालं, तेव्हाही कारण सुरक्षेचंच दिलं होतं. तो निर्णय तिच्यावर अन्याय करणारा होता असं माझं मत आहे; पण गुण कमी केले की उडीचा मोह कमी होतो हे समित्यांना पक्कं ठाऊक आहे, एवढं तरी त्यातून दिसतं. मोठ्यांसाठी वापरलेलं हे हत्यार लहानांसाठी म्यानातच का?

एक आक्षेप मात्र खरा आहे. वयात येण्याआधी शरीर हलकं असतं, लवचीक असतं, भीती कमी असते. ते दिवस वाया घालवले तर पुढे कठीण जातं. कबूल. म्हणूनच त्या दिवसांत आकार शिकवावेत: हँडस्टँडची रेष, हवेत घट्ट राहणं, उतरणं, ताल. ते आलं की उंची आणि फेऱ्या पुढे पटापट चढतात. जागतिक स्पर्धांत महिलांसाठी किमान वय 1981 मध्ये 15 झालं, 1997 मध्ये 16; तेव्हाही खेळ संपेल असं म्हणणारे होते. उझबेकिस्तानची जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिना टोकियोत आपलं आठवं ऑलिम्पिक खेळली तेव्हा 46 वर्षांची होती. बाराव्या वर्षी सगळं येऊन चौदाव्या वर्षी खेळ सोडणारी मुलं मात्र प्रत्येक क्लबात भेटतात, त्यांची यादी कोणी ठेवत नाही.

आणि सबुरी म्हणजे अडवून ठेवणंही नव्हे. तयार झालेल्या मुलाला महिनोन्महिने त्याच कोलांटीवर घासत ठेवलं तर ते कंटाळतं आणि प्रशिक्षकाची पाठ वळली की ट्रंपोलिनवर जाऊन स्वतःच प्रयोग करतं. तो धोका कमी नाही. म्हणून स्तर हवेत, आणि वरच्या स्तराची परीक्षा वर्षातून एकदाच न ठेवता मूल तयार होईल तेव्हा देता यायला हवी.

स्तर आखणं, पंचांना नवं प्रशिक्षण देणं, पत्रकं बदलणं याला वेळ लागेल, हे मी समजू शकते. मसुदा तयार झाला की तो लहान मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांकडेही पाठवा; आजवर तो फक्त वरच्या गटांच्या प्रशिक्षकांकडे जात आला आहे. पण व्हॉल्टपाशी थांबलेल्या मुलाचा तो एक गुण कापणं आपल्याला या हंगामापासूनच बंद करता येईल. त्याला नवं उपकरण लागत नाही, नवे पंच लागत नाहीत. पत्रकातली एक ओळ खोडायची आहे.

आपली,
लहान गटांची एक प्रशिक्षक